माथाडी म्हणजे नेमकं कोण? नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोपरखैरणे, घणसोली, तुर्भे या पट्ट्यात नव्याने राहायला आलेली मंडळी, बाजारात भाड्याने गाळा घेतलेले दुकानदार आणि पेपरातली बातमी वाचून गोंधळलेले लोक साधारण हेच प्रश्न विचारतात. म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. काही लांबली आहेत, काही दोन ओळींत आटोपली आहेत. प्रत्यक्ष वाद असेल तर मात्र इथे थांबू नका, त्या त्या माथाडी मंडळाचं कार्यालय गाठा.

माथाडी म्हणजे कोण?

माथ्यावर ओझं वाहतो तो माथाडी. हा झाला बोलीतला अर्थ. आता माथ्यावर कमी आणि पाठीवर-खांद्यावर जास्त वाहिलं जातं, पण नाव तेच राहिलं.

दुसरा अर्थ कायद्यातला. 'महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम, 1969' या कायद्याखाली जी मंडळं आहेत, त्यांच्याकडे नोंद असलेला अंगमेहनतीचा कामगार म्हणजे माथाडी. त्याचं काम नुसतं उचलण्याचं नसतं. माल भरणं, उतरवणं, वाहून नेणं, थप्पी लावणं, वजन-माप करणं, पोती भरून शिवणं, निवडणं, साफ करणं, हे सगळं त्यात येतं.

नवी मुंबईत माणसं बोलतात ती या दुसऱ्या अर्थाने. 'त्याचे वडील माथाडीत होते' असं कुणी म्हटलं की ऐकणाऱ्याला कळतं: टोळी (एकत्र काम करणारा गट) होती, मंडळात खातं होतं, फंड मिळाला असणार, घरही बहुधा माथाडी वसाहतीतलंच. इथे 'माथाडीत असणं' हे 'रेल्वेत असणं' किंवा 'एसटीत असणं' याच चालीवर बोललं जातं. ओझं उचलणारा कुणीही माथाडी नव्हे, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

मग हमाल आणि माथाडी वेगळे का?

काम एकच, दर्जा वेगळा. 'हमाल' हा अरबीतून आलेला शब्द. स्टेशनवरचा, बाजारातला, नोंद असलेला, नसलेला, कुणीही हमाल असू शकतो. कायद्याच्या नावातच 'माथाडी, हमाल' असे दोन्ही शब्द शेजारी बसलेत, त्यामुळे कागदावर त्यांच्यात उच्चनीच नाही.

बोलण्यात मात्र आहे. वाशीच्या बाजारात नोंदीत माणसाला 'ए हमाल' म्हणून बघा, तो वळूनही बघणार नाही. पुण्यात उलटं. तिथे बाबा आढावांनी उभी केलेली 'हमाल पंचायत' ही हमालांची संघटना आहे, तिचं स्वस्त जेवणाचं 'कष्टाची भाकर' आहे, आणि तिथला माणूस स्वतःला हमाल म्हणवून घेताना मान खाली घालत नाही. शब्द हलका की भारी हे शब्दावर नसतं, त्यामागे संघटना कुठली उभी राहिली यावर असतं, असं माझं मत.

आणि कुली?

तो रेल्वेचा. बिल्ला आणि लाल सदरा रेल्वेने दिलेला. 2016 च्या रेल्वे अर्थसंकल्पात त्यांना 'सहायक' म्हणायचं ठरलं. ठाणे स्टेशनवर अजून कुणाच्या तोंडी ते ऐकलेलं नाही. माथाडी मंडळाशी त्याचा संबंध नाही.

ठाण्या-नवी मुंबईत सकाळी नाक्यावर उभे असतात ते माथाडी का?

नाही. ते नाका कामगार. गवंडी, बिगारी, रंगारी, फरशीवाले, खोदाईवाले. ज्याला माणूस हवा तो येतो, रोज ठरतो, संध्याकाळी हातात पैसे. त्यांच्यासाठी वेगळा कायदा (बांधकाम कामगारांचा, मूळचा 1996 चा केंद्रीय कायदा) आणि वेगळं मंडळ: महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ. वय 18 ते 60 आणि मागच्या वर्षभरात बांधकामावर किमान 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. त्या 90 दिवसांच्या दाखल्यावरच सगळं अडतं, कारण रोज नवा मालक असणाऱ्याला दाखला देणार कोण?

रेती-सिमेंटची गाडी रिकामी करणारा कुणाच्या खात्यात जातो हे मात्र जागेवर अवलंबून. बांधकामाच्या आवारात तो बांधकाम कामगार. सिमेंटच्या गोदामात तेच पोतं त्याच पाठीवर असेल तर तो माथाडी कायद्याखाली येतो.

बिगारी म्हणजे काय मग?

बिनकसबी कामाचा मजूर. शब्दाचं मूळ 'वेठबिगार'मधलंच, पण आज महापालिकेत 'बिगारी' हे रीतसर पदाचं नाव आहे, पगारपत्रकावर छापून येणारं. तेव्हा शिवी समजू नका.

हा कायदा करावा का लागला?

मालक ठरलेला नव्हता म्हणून.

पन्नास-साठच्या दशकात मुंबईच्या मशीद बंदर, भायखळा, कर्नाक बंदर, दारूखाना या भागांत हजारो माणसं पाठीवर मुंबईचा माल हलवत होती. बहुतेक घाटावरची: सातारा जिल्ह्यातला पाटण-जावळीचा डोंगरपट्टा, खटाव-माण, सांगलीकडचा दुष्काळी भाग, जुन्नर-आंबेगाव. सकाळी या पेढीचा माल, दुपारी त्या पेढीचा, रात्री ट्रान्सपोर्टवाल्याचा. अशा माणसाला पगारी रजा द्यायची तर द्यायची कुणी? हात मोडला तर भरपाई मागायची कुणाकडे? पेढीवाला म्हणणार, हा माझा नोकर नाही. आणि ते खरंही होतं. कारखान्यासाठी केलेले कामगार कायदे 'मालक कोण' या पहिल्याच प्रश्नाला अडकून पडत.

गोदी कामगारांपुरतं याचं उत्तर 1948 च्या केंद्रीय कायद्याने आधीच शोधलं होतं: मालक बदलता असला तरी मध्ये एक कायमचं मंडळ उभं करायचं. अण्णासाहेब पाटलांनी माथाडींची युनियन बांधली, मोर्चे काढले, संप केले, आणि 1969 साली, वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, महाराष्ट्राने तीच युक्ती बाजारपेठेतल्या हमालांसाठी कायद्यात आणली. अण्णासाहेब पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे, म्हणजे ज्यांच्यासाठी लढले त्यांच्याच गावाकडचे.

गंमत अशी की या कामगाराला कायद्यात शब्द आहे 'असंरक्षित कामगार'. ज्या कायद्याने संरक्षण दिलं त्यातच तो अजून असंरक्षित आहे.

मंडळ काय करतं? पैसे कसे मिळतात?

हे नीट समजून घ्या. दुकानदारांना आणि कामगारांच्या मुलांना, दोघांनाही हे धड माहीत नसतं.

मंडळ त्रिपक्षीय असतं: मालकांचे प्रतिनिधी, कामगारांचे प्रतिनिधी आणि सरकारी बाजू. धंद्यानुसार मंडळं वेगळी. किराणा बाजाराचं वेगळं, भाजीपाल्याचं वेगळं, लोखंडाचं, कापडाचं, रेल्वे मालधक्क्याचं वेगळं. मालकाने तिथे नोंद करायची, कामगाराने तिथे नोंद करायची, आणि दोघांमधला पैसा मंडळातून फिरायचा.

प्रत्यक्षात असं चालतं. टोळीने गाडी उतरवली. किती गोणी, किती वजन, कोणता माल, याची नोंद पावतीवर झाली. ठरलेल्या दराने मजुरी निघाली. मालकाने ती मजुरी मंडळात भरायची आणि तिच्यावर ठराविक टक्के 'लेव्ही'ही भरायची. टक्केवारी मंडळागणिक वेगळी. मजुरी टोळीतल्या हजर माणसांत वाटून त्यांच्या बँक खात्यावर जाते. लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचा पगार, औषधपाणी, अपघाताची भरपाई आणि मंडळाचा खर्च भागतो.

म्हणजे दिवसभरात पाच पेढ्यांचा माल उचलला तरी त्याच्या म्हातारपणाचा पैसा एकाच खात्यात साठतो. लेव्ही म्हणजे 'वरचा दंड' असं नवा दुकानदार समजतो आणि कुरकुरतो. अहो, कारखानदार आपल्या कामगाराच्या फंडात आणि ग्रॅच्युइटीत जे भरतो, तेच हे. फक्त पाच जणांनी मिळून एका माणसासाठी भरलेलं.

टोळी, मुकादम, थप्पी, वाराई… हे शब्द काय आहेत?

टोळी: पेपरात टोळी पकडली जाते ती चोरांची. इथे टोळी म्हणजे एकत्र काम करणारा नोंदीत गट. तिला क्रमांक असतो आणि माणूस ओळख सांगताना आधी टोळी सांगतो. मजुरी एकत्र निघते म्हणून टोळीत कामचुकार टिकत नाही. त्याचा हिशेब साहेबाआधी सोबतीच करतात.

मुकादम: टोळीचा म्होरक्या. काम घेणं, माणसं लावणं, पावती सांभाळणं त्याच्याकडे. ऊसतोडीतला मुकादम उचल देऊन माणसं बांधून ठेवतो. हा मुकादम तसा नव्हे, तो स्वतः टोळीतलाच.

थप्पी: गोण्या एकावर एक आडव्या-उभ्या रचणं. सोपं वाटतं, पण चुकीची थप्पी रात्रीत कलते आणि सकाळी अंगावर येते. थप्पी लावणारा हात जुना लागतो.

चुंबळ: डोक्यावर ओझ्याखाली घ्यायची कापडाची गुंडाळी. भाजी आणि फळ बाजारात पाटी डोक्यावर असते, तिथे अजून दिसते.

आकडा किंवा हुक: गोणी ओढायची लोखंडी आकडी. तागाच्या पोत्याला चालते, प्लॅस्टिकच्या गोणीला लावली की माल सांडतो आणि व्यापाऱ्याचा आवाज चढतो.

गोणीचे कान: शिवलेल्या गोणीची वरची दोन टोकं. कांदा-बटाटा बाजारात पहाटे उभं राहून बघा. ट्रकच्या फाळक्याला पाठ लावून माणूस कमरेत किंचित वाकतो, वरचे दोघं गोणी त्याच्या मानेच्या मागे टेकवतात, तो हात मागे नेऊन एक कान मुठीत धरतो आणि भार नीट बसला की लगेच निघतो. चालणं लहान पावलांचं आणि भरभर, कारण ओझ्याखाली थांबणं हे चालण्यापेक्षा जड. वाटेत उभ्या असलेल्याला 'ओ बाजू' एवढंच ऐकू येतं. बाजूला व्हायचं, कारण तो थांबू शकत नाही.

मापाडी, तोलणार: वजन करणारे. त्यांची रक्कम ती तोलाई. उचलण्याची ती हमाली.

वाराई: याच शब्दावरून सगळ्यात जास्त भांडणं. गाडीतला माल हाताळल्याबद्दल गाडीवाल्याकडून घेतली जाणारी रक्कम. वाहतूकदारांचं म्हणणं, आम्ही फक्त गाडी चालवतो, उतरवायचे पैसे आमच्या खिशातून का? त्यावर त्यांची घोषणाच आहे, 'ज्याचा माल, त्याचा हमाल'. कायद्याच्या चालीने बघितलं तर मजुरी देणारा मालक हा मालाचा धनी असायला हवा, त्यामुळे या घोषणेत मला तरी काही चूक दिसत नाही.

माथाडी मंडळी नवी मुंबईत कशी आली?

बाजारामागोमाग. मुंबईची गर्दी कमी करायला घाऊक बाजार खाडीपलीकडे हलवायचं ठरलं. सुरुवात कांदा-बटाट्याने, ऐंशीच्या दशकात. मग धान्य आणि मसाला. भाजीपाला आणि फळं 1996 च्या सुमारास. आज वाशी-तुर्भ्याच्या मधला मुंबई कृषी उत्पन्न बाजार समितीचा परिसर या पाच बाजारांचा. लोखंड बाजार तिकडे कळंबोलीला गेला.

बाजार आला तर माणसं जवळ राहायला हवीत, म्हणून सिडकोने माथाडींसाठी घरं बांधली. कोपरखैरण्यातली वसाहत आणि घणसोलीतलं सिम्प्लेक्स त्यातलंच. त्या छोट्या घरांवर वर मजला, पुढे खोली चढत गेली. आज तिथून जाताना गावाकडच्या देवाचा भंडारा, भजनी मंडळाचा फलक आणि यात्रेच्या जादा गाड्यांची पाटी दिसते ती उगाच नाही. अर्धा पाटण तालुका इथे आहे.

25 सप्टेंबरला बाजार का गजबजतो?

अण्णासाहेब पाटलांची जयंती. 1933 चा जन्म. त्या दिवशी माथाडींचा मेळावा भरतो आणि राज्यकर्ते व्यासपीठावर येऊन आश्वासनं देतात. 23 मार्चला पुण्यतिथी. 1982 साली 22 मार्चला त्यांनी मराठा आरक्षणासाठी मुंबईत मोर्चा काढला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःचं आयुष्य संपवलं. मराठा तरुणांना उद्योगासाठी कर्जसवलत देणारं आर्थिक मागास विकास महामंडळ त्यांच्याच नावाचं. तिथे अर्ज करणाऱ्या कित्येकांना हा माणूस माथाडींचा नेता होता हे माहीत नसतं.

घर बदलताना सोसायटीच्या गेटवर काही जण आले, 'आम्ही माथाडी, सामान आम्हीच उतरवणार' म्हणाले. द्यायचे का पैसे?

घाबरून देऊ नका. तुमचं घरगुती सामान हे कुठल्या दुकानाचं किंवा गोदामाचं काम नव्हे. ते कुणी उतरवायचं हे तुम्ही ठरवायचं.

दुकान किंवा गाळ्यावर असं कुणी आलं तर तीन गोष्टी विचारा: मंडळ कोणतं, टोळी क्रमांक कोणता, मजुरी मंडळात कशी भरायची. नोंदीत माणूस तिन्ही सांगतो, कारण त्याचा फायदा मंडळात भरण्यातच आहे. रोख द्या, पावती नाही, आणि काम न करताही द्या, असं म्हणणारा माथाडी नव्हे. ती खंडणी. 112 वर फोन करा, पोलिसांत तक्रार द्या आणि मंडळालाही कळवा.

नाव लावून वसुली करणारे आहेत, हे खोटं नाही. एमआयडीसीतल्या आणि भिवंडीकडच्या गोदामवाल्यांची ही जुनी तक्रार आहे. पण त्याची झळ सगळ्यात आधी खऱ्या माथाडीलाच बसते. 2023 साली कायद्यात बदल करणारं विधेयक विधिमंडळात आलं तेव्हा अशा तक्रारी पुढे केल्या गेल्या आणि संघटना विरोधात उभ्या राहिल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं: भुरट्यांना पकडा, त्यांच्या नावाने आमचा कायदा सैल करू नका.

केरळातही असंच काही आहे ना?

आहे. तिथे डोक्यावर ओझं वाहणाऱ्यांसाठी 1978 चा कायदा आहे, म्हणजे आपल्यानंतरचा. तमिळनाडूचाही 1982 चा आहे. केरळात 'नोक्कुकूली' हा प्रकार गाजला: काम दुसऱ्याने केलं तरी नुसतं बघत उभं राहिल्याची मजुरी. 2018 मध्ये तिथल्या सरकारने ती बंद केली.

बायका माथाडी असतात का?

असतात. धान्य आणि मसाला बाजारात निवडणं, साफ करणं, सांडलेला माल गोळा करणं ही कामं बायकांची, आणि त्यातलं निवडणं-साफ करणं कायद्याच्या यादीतही आहे. फोटोत मात्र कायम पाठीवर गोणी घेतलेला पुरुष.

गोणी किती किलोची असावी?

पूर्वी शंभर किलोचं पोतं सर्रास असायचं. आता धान्य-साखरेला 50 किलोची गोणी रूढ झाली आहे आणि 50 च्या वर नको, हीच कामगारांची मागणी. कांदा-बटाट्यात मात्र माल भरणारा गावाकडे असतो, तो दाबून भरतो, आणि गाडी वाशीला आल्यावर वाद पेटतो. चाळिशी ओलांडलेल्या कुठल्याही माथाडीला गुडघे आणि मणक्याबद्दल विचारा. दहा किलो जास्तीचे म्हणजे काय हे तो सांगेल.

यंत्रं आली, आता माथाडी राहणार का?

कंटेनर, फोर्कलिफ्ट आणि लाकडी पॅलेट यांनी गोदामातलं बरंच काम खाल्लं आहे. त्यात 2016 ला फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाला आणि बराच माल वाशीला न येता परस्पर मुंबईत जाऊ लागला, असं टोळीवाले सांगतात. तरी भाजीची गाडी अजून हातानेच रिकामी होते. कोथिंबिरीची जुडी आणि हापूसची पेटी फोर्कलिफ्टला कळत नाही.

बोलताना हाक काय मारायची?

वयाने मोठा असेल तर 'मामा', बरोबरीचा असेल तर 'दादा'. टोळीचा म्होरक्या असेल तर 'मुकादम', तो खूश होतो. सातारकडचा असल्याचं कळलं तर 'काय पाव्हणं, गाव कुठलं?' एवढं पुरतं, पुढची दहा मिनिटं तोच बोलेल. लिहिताना 'माथाडी कामगार' लिहा. अनेकवचनही 'माथाडी'च, 'माथाड्या' नाही.

वडील निवृत्त होतायत. मला त्यांच्या जागी माथाडीत लागता येईल का?

बापाच्या जागी मुलगा ही रीत बऱ्याच टोळ्यांत आहे, पण नुसत्या रीतीवर नोंद होत नाही. टोळीत जागा हवी, मुकादमाची आणि टोळीची तयारी हवी आणि मंडळाने नोंद करायला हवी. वडिलांचा नोंदणी क्रमांक, टोळी क्रमांक आणि निवृत्तीची कागदपत्रं घेऊन आधी मंडळात जा, युनियनच्या कार्यालयात नंतर. वडिलांच्या फंड आणि ग्रॅच्युइटीचा अर्ज त्याच फेरीत द्या आणि वारसाचं नाव नीट आहे का ते तपासा. जुन्या नोंदींत आडनावाऐवजी गावाचं नाव चढलेलं असतं, ते आधारशी जुळत नाही आणि पैसे त्यावरच अडकतात. मधला कुणी 'नंबर विकत मिळवून देतो' म्हणाला तर त्याला एक रुपयाही देऊ नका.